राखेचं पाणी

सांबारवडी

हिरव्यागार सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन मोठ्या जुड्या. निवडून, धुऊन, बारीक चिरून. घुग्घुसला, कोळशाच्या खाणींपाशी, राहत असाल तर जास्त वेळा धुऊन. पहिलं पाणी काळं निघतं, दुसरं करडं, मग कुठे पानाला पानाचा रंग येतो.

पारीसाठी बेसन आणि थोडी कणीक.

सारणात खसखस, तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसूण, हिरवी मिरची.

मीठ चवीपुरतं.

इथे थांबायचं.

मीठ नाही. खोबरं नाही. खसखस, तीळ नाही. बेसन नावापुरतं. सांबार आधी भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचं आणि उरलेला चोथा घ्यायचा, तोही थोडाच. एवढं सगळं वजा केलं की कढईत तेल उरतं. तेल तापतं. रुखमा कुमरे त्याच्यासमोर झारा घेऊन उभी राहते आणि झाऱ्याला काम नसतं.

तिच्या नवऱ्याला, लटारूला, सांबारवडी खायची आहे. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत.

भिंत

रुखमाच्या घरामागे कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. रस्ता आणि घर यांच्यामध्ये एक अंगण, त्यात मातीपेक्षा डबे जास्त. ऑइलच्या कापलेल्या कॅनमध्ये पुदिना. फुटक्या बादलीत ओवा. लटारू ट्रक चालवायचा तेव्हाच्या एका बाद टायरमध्ये सांबार. कोपऱ्यात गोडलिंब, गवती चहाचं बेट, हळद, तुळस. रोज सकाळी ती सगळ्यांना अंघोळ घालते, कारण रोज रात्रीतून सगळे काळे होतात.

बाजूच्या भिंतीपलीकडून हाका येतात.

"रुखमाबाई वो, पोट्ट्याची छाती भरली."

ओव्याची पानं. तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून शेकायची. एक पान ठेचून मधात.

"काकू, मायच्या पोटात गॅस झाला म्हन्ते."

"सुंठ दे ओव्यासंग. अन् तिले म्हना, लोकाच्या घरच्या बारशात वडे कमी खात जाय."

"रुखमे, दारूवर काई पान हाये का वो तुयापाशी? माह्यावाल्याले कशाचाच गुन येत नाई."

"हाये ना. पिंपळाचं. त्याच्याखाली नेऊन बसव त्याले, अन् तू घरी निघून ये."

ही शेवटची हाक भागीरथाची. भागीरथा शेजारीण, भिंतीवर कोपर ठेवून बोलणारी. तिच्या नातवाची प्रत्येक सर्दी या अंगणात बरी झालेली आहे.

भिंतीच्या अलीकडे, खाटेवर, लटारू. त्याच्यासाठी या अंगणात काहीच नाही. काढा म्हणजे पाला आणि पाणी. त्याला पाला बंद आहे आणि पाणी मोजून.

जे सांगितलं ते

चंद्रपूरला डायलिसिसच्या हॉलबाहेर एक बाक आहे. नंदिनी मॅडम तिथेच बसून रुग्णांच्या बायकांना जेवणाचं समजावते. तरुण आहे, पण घाई करत नाही. एकच गोष्ट पुन्हा विचारली तरी तोंड वाकडं करत नाही.

"बाई, अन्नात पोटॅशियम नावाचं एक असतं. आपल्या किडन्या ते बाहेर टाकतात. भाऊंच्या टाकत नाहीत. ते रक्तात साचलं की हृदय थांबू शकतं. आधी दुखत नाही, खुपत नाही, एकदम थांबतं. हिरव्या पाल्यात ते भरपूर. पण पाण्यात उतरतं. म्हणून पाला मोठ्या पातेल्यात उकळा आणि पाणी फेका."

"पानी फेकाचं?"

"हो."

"शेवग्याचंबी? अंबाडीचंबी?"

"सगळ्याचंच."

रुखमाचं माहेर एटापल्लीच्या पुढे, जंगलातलं. तिथे भाजी शिजली की पहिली वाटी तिच्या पाण्याची, वरून लसूण, आणि ती वाटी आजाऱ्याची. बाकीच्यांनी चोथा खायचा. आजारी माणसाला चोथा वाढणं म्हणजे त्याला उठून जा म्हणण्यासारखं.

"अन् मीठ?"

"मीठ बंद. काळं नाही, सैंधव नाही. लोणचं, पापड, सोडा नाही. आणि दुकानात बीपीवाल्यांसाठी हलकं मीठ मिळतं ना, त्याला तर हात लावू नका. त्यात साध्या मिठाच्या जागी पोटॅशियमच भरलेलं असतं."

"मंग चवीले काय टाकू?"

"लसूण. जिरं. मिरे. लिंबाचे थेंब."

रुखमाने ऐकलं आणि तसंच केलं. लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, मिठाचं मडकं, सगळं भिंतीवरून भागीरथाकडे गेलं. स्वतःसाठीसुद्धा मीठ ठेवलं नाही. पाला उकळला. मोरीत हिरवं पाणी ओतताना तिने तोंड दुसरीकडे केलं, पण ओतलं.

हॉल

मशीनला लावलेली माणसं दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत. खाण्याबद्दलच बोलतात. लटारूच्या शेजारच्या पलंगावर पोचूभाऊ, कोरपन्याकडचा कापूसवाला.

"लटारूभाऊ, आज डब्यात काय होतं?"

"भात अन् उकडलेला पाला."

"चव कशी?"

"भिताडासारखी."

"भिताडाले तरी चुना असते बे."

पलीकडचे दोघेही हसले. एक मशीन ओरडायला लागली. नर्स धावत आली, "हसू नका हो, सुई हलते!"

पोचूभाऊने आवाज खाली आणला. "मी तं सपनात मटन खातो. मॅडमले इचारलं, सपनातलं चालते का म्हून."

"काय म्हनली?"

"म्हनली, चालते, पन तर्री कमी घ्या."

लटारू हसला. काचेपलीकडून रुखमाने ते पाहिलं. घरी तो हसत नव्हता.

घर

"दोन घास घ्या."

"नाई."

"एक घ्या."

"उतरत नाई वो घशाखाली. तू खाऊन पाय."

"मी तेच खाऊन राह्यली."

"मंग तुले समजते ना."

तिला समजत होतं. पँट कमरेवर थांबेना म्हणून त्याने सुतळी बांधली होती, तेही ती पाहत होती. हॉलमध्ये दर वेळी वजन करायचे आणि आकडा खाली जायचा. मॅडम म्हणायची, "खाल्लं पाहिजे, बाई. अशा रुग्णांनी उपाशी राहून चालत नाही." ज्या तोंडाने हे खाऊ नका, त्याच तोंडाने खाल्लं पाहिजे. दोन्ही खरं होतं. दोन्हींच्या मधोमध रुखमा पातेलं धरून.

मुलगी निशा नागपूरला एका दुकानात कामाला. रोज फोन.

"माय, ऑरिगॅनो टाकून पाय ना."

"ते काय असते?"

"पाला असते. वाळलेला. पिझ्झ्यावर टाकतात."

"पालाच हाये ना मंग. बंद."

"अवं, चिमूटभर!"

"चिमूटभरानं काय होते? तुया बापाले बिस्कीटबी गोड नाई लागत आता, चिमूट कुठची लागते?"

निशाच्या मागे कुठेतरी गिऱ्हाईक ओरडत होतं.

खार

तिळाच्या वाळक्या काड्या. अंबाडीची देठं. ओव्याच्या जुन्या फांद्या, बी झाडून घेतलेली सांबाराची झुडपं. तुळस घ्यायची नाही. लोखंडी घमेल्यात जाळायचं, राख पांढरी होईपर्यंत.

मडक्याच्या बुडाला भोक, भोकात कापडाची चिंधी, वर राख, राखेवर हळूहळू पाणी. खाली वाटी. वाटीत थेंब उतरतात, फिक्या चहाच्या रंगाचे. बोटाला बुळबुळीत लागतात. जिभेला मिठासारखे नाही, पण मिठाच्या शेजारचे.

रुखमाची माय हे करायची. पावसाळ्यात नाल्याला पूर यायचा, बाजाराचा रस्ता तुटायचा, मिठाची मडकी रिकामी व्हायची. मग राखेचं हे पाणी वरणात, कण्यांत, बांबूच्या कोवळ्या कोंबांत. कुणी तोंड वाकडं करत नव्हतं. कित्येक वर्षांत रुखमाला ते आठवलं नव्हतं. लटारूने ताट सरकवलं, पाण्याचा पेला उपडा केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला, त्या दुपारी आठवलं.

तिने विचार न करता केलं नाही. तिने पुष्कळ विचार केला.

मीठ नको म्हणाल्या. हे मीठ नाही.

सोडा नको म्हणाल्या. हा दुकानाचा सोडा नाही.

पाला नको म्हणाल्या. पाला तर जळून गेला.

जे रुखमाला माहीत नाही

पाला उकळला की ते पोटॅशियम पाण्यात जातं. पाला जाळला की ते कुठेच जात नाही. पान जातं, देठ जातं, धूर होतो, ते मात्र राखेत बसून राहतं. भाराभर काड्यांमधलं सगळं, ओंजळभर राखेत. राखेवर पाणी ओतलं की खाली वाटीत उतरतं ते तेच.

सकाळी ती जे मोरीत ओतत होती, तेच दुपारी, कितीतरी घट्ट होऊन, वरणात घालत होती.

हे इथे लिहिलेलं आहे. तिच्या स्वयंपाकघरात हे कुणी वाचून दाखवत नाही.

पहिला घास

लटारूने घास तोंडात घातला. चावायचा थांबला. पुन्हा चावला.

"काय टाकलं?"

"काऊन? बरं नाई लागून राह्यलं?"

"काय टाकलं ते सांग ना."

"माहेरचं हाये."

"तुयं माहेर लयच उशिरा कामाले आलं."

त्याने वरण-भात संपवला. बोटाने ताट पुसलं. रुखमा चुलीकडे तोंड करून उभी राहिली, गॅस बंद होता तरी तिथेच, कारण मागे वळली असती तर रडू आलं असतं आणि त्याने टोमणा मारला असता.

मग रोजच. वरणात चमचाभर. भातात थेंबभर. तांदळाच्या पिठात सांबाराचा चोथा, त्यात खार, तव्यावर चापट वड्या. वडीला कडक कडा आली. लटारू म्हणाला, "सांबारवडीची लहान बहीन दिसते." त्याने तीन खाल्ल्या. सुतळीची गाठ एका बोटाने सैल केली. ते पाहून ती अंगणात गेली आणि उगाचच सगळ्या डब्यांना पुन्हा पाणी घातलं.

वजनाचा आकडा खाली जायचा थांबला. मॅडम म्हणाली, "छान, बाई."

फक्त दुसरा एक आकडा होता.

दुसरा आकडा

"भाऊ, काही खाल्लं का? केळं? नारळपाणी?"

"नाई."

"संत्रं?"

"नाई ना मॅडम. हिच्या हातचंच खातो."

"पोटॅशियम वाढलंय. जरा जास्तच वाढलंय."

पोचूभाऊ शेजारून म्हणाला, "खाल्लं असन तं सांगून टाक ना बे. वास तरी घेऊ दे आमाले."

या वेळी लटारू हसला नाही. त्याने रुखमाकडे पाहिलं. रुखमा त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिच्या नजरेत जे होतं ते त्याला आवडलं नाही.

घरी आल्यावर तिने त्याच्या शर्टाचे खिसे पाहिले. खाटेखाली पाहिलं. उशी उचलली. तो खाटेच्या कडेला बसून तिला पाहत होता.

"सापडलं?"

"कोन देऊन राह्यलं तुमाले?"

"कोनी नाई."

"मंग वाढलं कसं?"

"मले काय माहीत? मी काय डाक्टर हावो?"

भिंतीच्या बुडाशी संत्र्याचं साल पडलेलं होतं. ताजं.

"भागीरथे!"

भागीरथा ओल्या हातांनी भिंतीशी आली.

"हे कोनाचं साल होय?"

"माह्या नातवाचं असन. काऊन?"

"नातवाचं का माह्या घरच्याचं?"

"रुखमे, काय बोलून राह्यली तू?"

"तुले दया येते ना लय. लोनच्याची बरनी देल्ली तुले, पापड देल्ले. त्यातलंच परत देऊन राह्यली का भिंतीवरून? कोनी सांगतलं होतं तुले?"

भागीरथाने लुगड्याला हात पुसले. म्हणाली, "तुया नवऱ्याले मी इष देईन का वो?" आणि आत गेली. त्यानंतर भिंतीवर कोपर दिसलं नाही. नातवाला सर्दी झाली तेव्हा त्या घरातून मेडिकलच्या औषधाचा वास आला.

भाजी

पाला उकळा. पाणी फेका.

चव जाते. खार घाला.

आकडा वाढतो. पाला पुन्हा उकळा. पाणी पुन्हा फेका.

चव आणखी जाते. खार आणखी घाला. नाहीतर तो जेवत नाही.

आकडा आणखी वाढतो. घरातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर संशय घ्या. लिंबाचे थेंब बंद. जिरं बंद. लसूण बंद. कांदाही कशाला. पाला तिसऱ्यांदा उकळा. आता तो पाला नाही, ओला कागद आहे.

ओल्या कागदाला चव हवी. खार आहे.

खारावर संशय घेऊ नका. तो माहेरचा आहे.

पाय

दुपारी जेवण झालं. लटारू खाटेवरून उठायला गेला आणि उठला नाही.

"रुखमा."

"काय?"

"पाय माहे नाई वाटून राह्यले."

तिने पाय दाबले. गरम होते, जिवंत होते. तो ते हलवायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या कपाळावर घाम येत होता, पाय मात्र दोन लाकडांसारखे पडलेले.

"ओठाले मुंग्या येऊन राह्यल्या. पानी नोको. पानी नोको देऊ."

ती भिंतीशी धावली. हाक मारायला तोंड उघडलं आणि नाव निघेना. कोणत्या तोंडाने मारायची. पण भागीरथा आधीच मागच्या दाराने येत होती, तिने आवाज ऐकला होता. काही न विचारता तिने लटारूचे पाय उचलले. रुखमाने काखा धरल्या. ऑटोत त्याला घालताना भागीरथाही चढली.

रस्त्यावर ट्रक उभे होते. पुढे काहीतरी अडलं होतं. कोळशाचे भरलेले ट्रक, ताडपत्र्या फडफडणाऱ्या, एकामागे एक. ऑटोवाला उतरून ओरडला, हात जोडले. एका ड्रायव्हरने लटारूला ओळखलं. "लटारूभाऊ व्हय का?" त्याने गाडी मागे घेण्याचा प्रयत्न केला, पण त्याच्या मागेही ट्रक होता, त्याच्या मागेही. तो खिडकीतून नुसता पाहत राहिला. रुखमाने लटारूच्या छातीवर हात ठेवला होता. हाताखाली ठोका यायचा, मग यायला उशीर करायचा, मग यायचा. त्या उशिरात तिला काही करता येत नव्हतं. हात उचलताही येत नव्हता.

मोटारसायकलवरून खाणीच्या पाळीला निघालेल्या दोघांनी कडेची माती पायांनी सारून जागा केली. ऑटो तिरपी होत निघाली.

बाक

त्यांनी त्याला इंजेक्शनं दिली, छातीला वायर लावल्या, मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर. वाक्य तिथेच सोडून ते आत गेले.

नंदिनी मॅडम बाकावर रुखमाच्या शेजारी बसली. पलीकडे भागीरथा.

"बाई, आठवून सांगा. काय शिजवता, कसं शिजवता. सगळं. रागावणार नाही मी."

रुखमाने सांगितलं. पाला कसा निवडते, कितीदा धुते. मोठं पातेलं. भरपूर पाणी. पहिलं फेकते, दुसरं फेकते, तिसरं फेकते. हे सांगताना तिचा आवाज जरा सरळ झाला, कारण यात तिची काही चूक नव्हती.

"मग?"

"मंग भाजी. तेल. अन् खार."

"खार म्हणजे?"

"राखेचं पानी. मिठाचं नाई हां मॅडम. मीठ तं घरातच नाई."

"कशाची राख?"

"काड्याची. तिळाच्या, सांबाराच्या, ओव्याच्या. घरच्याच. कोळशाची नाई."

मॅडमने डोळे मिटले, उघडले. मग अगदी सावकाश, एकेक शब्द खाली ठेवावा तशी, ती सांगत गेली. पाण्यात काय उतरतं. राखेत काय राहतं.

रुखमा ऐकत होती. मध्येच तिने मॅडमचा हात धरला, थांबवायला.

"म्हंजे जे फेकत होती, तेच?"

"तेच. जास्त."

"चव यावी म्हून मी जास्त टाकत होती."

"हो."

"तुमी म्हनल्या होत्या हलकं मीठ नोको, दुकानाचं. मी हात नाई लावला त्याले."

"माहीत आहे, बाई. खाराचं मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सुचलंही नसतं विचारायला." मॅडमच्या मांडीवर फाइल होती, तिचा कोपरा ती बोटाने दुमडत होती. "आता बंद करा. एक थेंबही नाही."

"मंग चवीले काय?"

मॅडमने सांगायला सुरुवात केली, लसूण, जिरं. मग थांबली. हे आधीच सांगून झालं होतं. हे चाललं नव्हतं.

भागीरथा उठली. "चाय आनते," म्हणाली. रुखमाने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणायचं होतं, संत्र्याचं. भागीरथाने मान हलवली, आता नाही, आणि जिन्याकडे गेली.

घर, पुन्हा

घरी आल्यावर रुखमाने मडकं फोडलं. राख मागच्या रस्त्यावर टाकली. एक ट्रक गेला, आणि मग कोणती राख कोणती धूळ ते राहिलं नाही.

लटारू खाटेवरून पाहत होता.

"फोडलं काय?"

"मॅडमनं सांगतलं ना सगळं. तुमालेबी सांगतलं."

"सांगतलं."

"मंग?"

"मंग काई नाई."

संध्याकाळी तिने भात केला. पाला उकळला, पाणी फेकलं. तेलात लसूण घातला, तो परत सुरू केला होता. ताट त्याच्यासमोर ठेवलं. त्याने एक घास तोंडात घातला, तिथेच धरून ठेवला, मग उठून मोरीत जाऊन थुंकला. भिंत धरून परत आला. खाटेवर बसायला त्याला वेळ लागला.

"मले ते पायजे."

"कोनतं?"

"तुले माहीत हाये कोनतं."

"त्याच्यानंच मरत होते तुमी."

"त्याच्यानंच जेवत होतो."

"आयका ना. थोडे दिवस. जिभेले सवय होईन."

"कोनाच्या जिभेले? सवय व्हाले किती दिवस हायेत माह्यापाशी, सांग?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो खरोखरच विचारत होता. "एवढी सुई, एवढी मशीन. मी काई म्हनलं का कधी? एक घास चवीचा मांगून राह्यलो. थोडासा टाक. एक थेंब. मॅडमले कोन सांगन?"

"मले मालूम राहीन ना."

"एक थेंब, रुखमा."

"मडकं फोडलं."

"दुसरं आन."

ती उठली. तो समजला की ती मडक्यासाठी उठली, आणि त्याचा चेहरा सैल झाला. ते तिने पाहिलं. तिने कोपऱ्यातला पाट घेतला, तो त्याच्या खाटेशी टाकून त्यावर बसली आणि भात-पाला एकत्र कालवला, अगदी मऊ, लहान मुलाला कालवतात तसा. लिंबाचे दोन थेंब पिळले. घास केला. त्याच्या तोंडासमोर धरला.

त्याने ओठ मिटून घेतले.

"घ्या."

तो तिच्याकडे पाहत राहिला. रागाने नाही. पाहत राहिला.

"घ्या ना. माह्यासाठी घ्या."

बाहेर रस्त्यावर ट्रकने गिअर बदलला. तिच्या डाव्या हाताशी, खाटेवर, फोन वाजला. निशा. तिने कोपराने बटण दाबलं, आवाज मोठा आला.

"माय, बाबा जेवले का?"

रुखमाचा उजवा हात तसाच वर होता.

"हाव," ती म्हणाली. "जेवून राह्यले."

"काय केलं आज?"

"भाजी."

"बरी झाली का?"

लटारूने तोंड उघडलं नाही. घासातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपराकडे उतरत होतं.

"झाली," रुखमा म्हणाली.